अमाल्फीचे बुरूज आणि अमाल्फीच्या कमानी

इटलीच्या दक्षिणेत, नेपल्सच्या खाली, पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंत सुमारे 50 किलोमीटरचा एक किनारी रस्ता आहे. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला. त्याच्या कडेला कोरून काढलेला अरुंद रस्ता, वर लिंबाच्या बागा, खाली निळंशार पाणी. याला अमाल्फीचा किनारा म्हणतात. युनेस्कोने 1997 मध्ये तो जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. या रस्त्याने जाताना थोड्या थोड्या अंतरावर, समुद्रात घुसलेल्या खडकांवर, दगडी बुरूज दिसतात. काहींत आता हॉटेलं आहेत, काहींत लोक राहतात, काही पडके आहेत. गाइडला विचारा की बसमधल्या शेजाऱ्याला, नाव एकच सांगितलं जातं, 'तोर्रे साराचेना'. म्हणजे सारासेनांचा बुरूज. मध्ययुगातले युरोपीय ख्रिस्ती लोक अरबांना, आणि पुढे सरसकट सगळ्या मुसलमानांना, सारासेन म्हणत. हे बुरूज सारासेनांनी बांधलेले नाहीत, त्यांच्या भीतीने बांधलेले आहेत.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी आठ दिवस त्या भागात होते. धाकटा भाऊ जहाज कंपनीच्या नोकरीनिमित्त नेपल्सला असतो, त्यामुळे राहण्याचा खर्च वाचला आणि जाणं जमलं. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, 'कसं होतं?' सुंदर होतं, यात वाद नाही. पण त्या सौंदर्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते वेगळं. त्या किनाऱ्यावर मुसलमानांची आठवण दोन ठिकाणी राहिली आहे. एक बुरुजात, दुसरी कमानीत. बुरुजाला आपलं नाव दिलेलं आहे, कमानीचं नाव कुणी फारसं विचारत नाही. माझं मत असं की, या दोन्ही आठवणी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तो किनारा कळत नाही. त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही.

बुरूज खोटे नाहीत

आधी बुरुजांचं बोलू. ते टाळून कमानींकडे जाणं बेइमानी होईल.

नवव्या शतकात उत्तर आफ्रिका आणि सिसिलीतून आलेल्या अरब टोळ्यांनी दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर वारंवार हल्ले केले. सालेर्नोच्या दक्षिणेला आग्रोपोली इथे तर त्यांचा तळ होता. आज जे बुरूज दिसतात त्यांतले बरेचसे मात्र पुढचे, सोळाव्या शतकातले. तेव्हा नेपल्सवर स्पेनच्या राजाचे व्हाइसरॉय कारभार करत होते, आणि समुद्रावर उस्मानी आरमाराची आणि अल्जियर्स, ट्युनिस, त्रिपोलीच्या चाच्यांची दहशत होती. जहाज दिसलं की दिवसा धूर, रात्री जाळ करून एका बुरुजाने पुढच्या बुरुजाला खबर द्यायची, अशी ती साखळी होती.

1544 मध्ये बार्बारोसा खैरुद्दीनच्या आरमारापासून अमाल्फी वाचलं ते ऐन वेळी उठलेल्या वादळामुळे. ते वादळ संत अँड्र्यूने पाठवलं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आजही दर 27 जूनला मिरवणूक निघते आणि संताची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं चर्चच्या पायऱ्या धावत चढतात. 1558 मध्ये शेजारच्या सोरेंतो आणि मास्सा लुब्रेन्से या गावांसाठी मात्र वादळ आलं नाही. उस्मानी आरमाराने तिथून हजारो माणसं, बायका-मुलांसकट, पकडून नेली. थोड्यांना नातेवाइकांनी पैसे भरून सोडवलं. बाकीचे परत आले नाहीत.

हे सांगितलं की आपल्यातल्या काहींच्या तोंडी लगेच सबबी येतात. ते तुर्क होते, ते राजकारण होतं, त्याचा दीनशी काय संबंध. असेल. पण जिचं मूल जहाजात घालून नेलं त्या आईला हा फरक कुणी समजावू शकेल का? माणसं पकडून विकणं हा जुलूम होता. करणाऱ्याचं नाव आपल्यासारखं आहे म्हणून तो कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच काळात माल्टाचे सरदार आणि टस्कनीचे सेंट स्टीफनचे सरदार, दोघेही धर्माची शपथ घेतलेले, मुसलमानांची जहाजं आणि किनारी गावं लुटून तिथली माणसं विकत होते. लिव्होर्नो बंदरात टस्कनीच्या एका ग्रँड ड्यूकचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशी साखळदंडांत जखडलेले चार मूर कैदी ब्राँझमध्ये ओतले आहेत. नेपल्सच्या उत्तरेला कासेर्ताचा राजवाडा अठराव्या शतकात उभा राहिला, त्याच्या बांधकामावर मुसलमान गुलाम राबले. बोकाच्चोच्या 'डेकामेरॉन'मध्ये तर याच किनाऱ्यावरच्या राव्हेलो गावातल्या एका व्यापाऱ्याची गोष्ट आहे. धंद्यात बुडाल्यावर तो चाचा होतो आणि मुख्यतः तुर्कांची जहाजं लुटून पुन्हा श्रीमंत होतो. चौदाव्या शतकातल्या वाचकांना त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे हा समुद्र दोन्ही काठांवर घाबरलेला होता. पण ट्युनिसच्या काठावरची भीती पोझितानोच्या बसमधून दिसत नाही.

शब्दांत राहिलेला बाजार

या बुरुजांच्या पाच-सहाशे वर्षं आधीचं अमाल्फी बघा. आज जेमतेम पाच हजार वस्तीचं हे गाव तेव्हा व्हेनिस, पिसा, जेनोवा यांच्या रांगेतलं सागरी प्रजासत्ताक होतं. मागे डोंगर, शेतीला सपाट जमीन नाही, त्यामुळे पोट समुद्रावर. इथले व्यापारी इमारती लाकूड आणि इतर माल इजिप्तला नेत, तिकडून मसाले आणि उंची वस्तू आणत. नवव्या शतकात, अमाल्फी सारासेनांशी असलेला करार मोडत नाही म्हणून पोप आठव्या जॉनने शहराला धर्मबहिष्कृत केलं. व्यापार थांबला नाही. दहाव्या शतकात इब्न हौकल या अरब भूगोलकाराने अमाल्फीची नोंद लोंबार्द मुलखातलं सर्वांत संपन्न शहर म्हणून केली आणि नेपल्सला त्याच्या खालचं स्थान दिलं.

अमाल्फीने स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं, त्याचं नाव 'तारी'. सिसिलीतल्या अरबांच्या पाव दिनाराची ती नक्कल होती. त्याच्यावर कूफी अक्षरांसारख्या रेघा आहेत. अरबी न येणाऱ्या कारागिराने त्या नुसत्या बघून काढलेल्या, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर त्या वाचता येत नाहीत. तरी काढल्या, कारण बाजाराचा भरवसा त्या अक्षरांवर होता.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझा कान आधी शब्दांकडे जातो. इटालियन भाषेत टांकसाळीला 'झेक्का' म्हणतात. तो अरबी 'सिक्का', म्हणजे आपला शिक्का. कस्टमच्या नाक्याला 'दोगाना' म्हणतात, त्याचं मूळ 'दीवान', ज्यातून आपले दिवाण आणि दिवाणी न्यायालय आले. गोदामाला 'मगाझ्झिनो', अरबी 'मखाझिन'. आपला खजिना त्याच धातूचा. जहाजबांधणीच्या जागेला 'आर्सेनाले', मूळ 'दार अस-सिनाआ', म्हणजे कारागिरीचं घर. उर्दूत उद्योगाला आपण 'सनअत' म्हणतो, तो शब्द याच घरातला. अमाल्फीत त्या जुन्या आर्सेनालेची दोन लांब दालनं अजून उभी आहेत, टोकदार कमानींवर पेललेली, आणि आता तिथे संग्रहालय आहे. कागदाच्या गठ्ठ्याला 'रिझ्मा' म्हणतात. अरबी 'रिज्मा'चा तो अवतार, आणि इंग्रजीच्या वाटेने आलेलं आपलं 'रीम'ही त्याचंच भावंडं. लिंबू तिथे 'लिमोने', अरबीत 'लैमून', फारसीत 'लीमू'. हे सगळे आपल्या लिंबाचे नातलग.

हे सारे शब्द एकट्या अमाल्फीने इटलीत आणले असं नव्हे. व्हेनिस, जेनोवा, सिसिली यांचाही वाटा आहे. पण यादी नीट पाहा. नाणं, जकात, गोदाम, गोदी, कागद, फळ. यात तलवारीचा एकही शब्द नाही. बुरूज सांगतो की मुसलमान समुद्रातून आले ते लुटायला. शब्दकोश सांगतो की ते मोजायला, विकायला आणि विकत घ्यायलाही आले. दोन्ही साक्षीदार खरे आहेत. फरक एवढाच की एकाच्या दारावर पाटी आहे.

कमान कुणाची?

अमाल्फीच्या मुख्य चौकातून साठेक पायऱ्या चढून गेलं की संत अँड्र्यूचं कॅथेड्रल लागतं. त्याचा ब्राँझचा दरवाजा अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून आणलेला. शेजारी एक छोटा चौक आहे, 'किओस्त्रो देल पारादीझो', म्हणजे जन्नतचा चौक. 'पारादीझो' आणि आपलं 'फिरदौस' हे दोन्ही एकाच जुन्या इराणी शब्दाचे वंशज, हा योगही ध्यानात ठेवण्यासारखा. 1266 ते 1268 या काळात तिथल्या आर्चबिशपने शहरातल्या बड्या घराण्यांचं कब्रस्तान म्हणून तो बांधून घेतला. जोडखांबांवर टोकदार कमानी, आणि एक कमान दुसरीत गुंतवत नेलेली, विणल्यासारखी. कैरवान किंवा कुर्तुबाच्या इमारती चित्रांत पाहिलेल्या माणसाला ती विण ओळखीची वाटते. वर राव्हेलो गावात व्हिला रुफोलोच्या अंगणात, त्याच शतकात, अशाच गुंतलेल्या कमानी आहेत. जर्मन संगीतकार वाग्नर 1880 मध्ये तिथे आला आणि आपल्या 'पार्सिफाल' ऑपेरातली जादूची बाग आपल्याला सापडली, असं त्याला वाटलं.

शाळा सुरू झाल्यावर मी हे फोटो सातवीच्या वर्गात दाखवले. एका मुलीने विचारलं, 'टीचर, ही मशीद आहे का?' मी म्हटलं, नाही, चर्च आहे. ती म्हणाली, 'मग कमान आपली कशी?'

प्रश्न साधा होता, पण मी त्यावर अख्खा तास घेतला. कारण 'आपली' हा शब्द सोपा नाही. ती कमान बांधायला कोणी मुसलमान राजा आला नव्हता. अमाल्फी मुसलमानांनी कधी जिंकलं नाही. बांधणारा ख्रिस्ती धर्मगुरू, आणि त्याने ती निवडली आपल्या माणसांच्या कबरींसाठी. बांधकामातला घाट त्यांना आवडला, त्यांनी तो शिकून घेतला, आणि त्यामुळे त्यांचा येशूवरचा विश्वास तसूभर कमी झाला नाही. सौंदर्य शिकायला धर्म बदलावा लागत नाही, आणि शिकवणाऱ्याला ते परत मागताही येत नाही.

अभिमानाने छाती फुगवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कॅथेड्रलचा तो पट्ट्यापट्ट्यांचा दर्शनी भाग, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात आणि ज्याला बघून 'वा, इस्लामी वास्तुकला' म्हणावंसं वाटतं, तो एकोणिसाव्या शतकातला आहे. जुना दर्शनी भाग 1861 मध्ये कोसळला, नवा 1891 मध्ये पुरा झाला. इटालियन वास्तुविशारदांनी मध्ययुगीन शैली आठवून तो रचला. म्हणजे आपण ज्याच्यासमोर मिरवतो ती बरेचदा त्यांनी जपलेली आणि नव्याने घडवलेली आठवण असते.

चोरलं की शिकले?

आपल्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर सारखा फिरतो. औषधं आपण शोधली, कागद आपण दिला, गणित आपण दिलं, युरोपने सगळं चोरलं. मुलं हे वाचतात आणि त्यांना वाटतं की आपलं काम करून झालं आहे, आता फक्त तक्रार करायची. या किनाऱ्यावर त्या मजकुराची उलटतपासणी करता येते.

कागद घ्या. अमाल्फीच्या मागे एक अरुंद दरी आहे, गिरण्यांची दरी. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी जुन्या सुती-तागाच्या चिंध्या कुटायच्या, लगदा करायचा, जाळीच्या चौकटीने उचलायचा, लोकरीच्या थरांत दाबून वाळवायचा. जुन्या एका गिरणीत आता कागदाचं संग्रहालय आहे आणि हे सगळं तिथे करून दाखवतात. हा कागद 'बांबाजिना' म्हणून ओळखला जातो आणि हे नाव सीरियातल्या मनबिज शहराच्या जुन्या नावावरून आलं असं मानतात. कागदाची कला चीनमधून समरकंद, बगदाद, इजिप्त असा प्रवास करत भूमध्य समुद्रावर पोचली. म्हणजे 'आपण दिला' म्हणताना आधी चीनचे आभार मानायला हवेत. 1231 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने कागद टिकाऊ नाही म्हणून सरकारी दस्त चर्मपत्रावरच लिहावेत असा कायदा केला. तरी अमाल्फीच्या गिरण्या चालू राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या त्या 1954 च्या पुरानंतर. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची हीच कला मुसलमान कागजी घराण्यांनी कित्येक पिढ्या सांभाळली. समरकंदहून निघालेली वाट एकीकडे अमाल्फीत पोचली, दुसरीकडे मराठवाड्यात.

औषधाचं उदाहरण याहून बोलकं आहे. हा किनारा जिथे संपतो त्या सालेर्नो शहरात मध्ययुगातली नामांकित वैद्यकशाळा होती. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून कॉन्स्टँटाइन नावाचा विद्वान तिथे आला आणि पुढे मोंते कासिनोच्या मठात राहून त्याने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले. त्यांत अली इब्न अब्बास अल-मजूसी यांचा मोठा ग्रंथ होता. भाषांतरात कॉन्स्टँटाइनने मूळ लेखकाचं नाव दिलं नाही. चोरी म्हणायची तर ही म्हणा. पण गोष्ट इथे संपत नाही. 1127 मध्ये अँटिओकच्या स्टीफन नावाच्या ख्रिस्ती भाषांतरकाराने तोच ग्रंथ पुन्हा भाषांतरित केला, मूळ लेखकाचं नाव दिलं आणि आधीच्या भाषांतरकाराला त्याबद्दल बोल लावले. धर्मयुद्धांचा काळ, अँटिओक तेव्हा धर्मयोद्ध्यांच्या ताब्यात, आणि तिथे बसून एक ख्रिस्ती माणूस एका परक्या वैद्याचं श्रेय परत देतो. 'त्यांनी चोरलं' म्हणणाऱ्याने या स्टीफनचं नावही पाठ केलं पाहिजे.

दंगलीनंतरची परीक्षा

आता एक अशी गोष्ट जी त्या किनाऱ्यावरच्या कोणत्या पाटीवर मला दिसली नाही आणि आपल्या अभिमानाच्या मजकुरांतही येत नाही.

996 साली काहिराच्या गोदीत फातिमी खलिफा अल-अझीझच्या आरमाराला आग लागली. बायझंटाइन साम्राज्याशी लढायला ही जहाजं तयार केली जात होती. शहरात अफवा उठली की आग अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी लावली. जमावाने त्यांच्या वखारी फोडल्या आणि शंभराहून जास्त परदेशी व्यापाऱ्यांना ठार मारलं. चर्चही लुटली गेली. पुरावा काय होता? त्यांचा धर्म, आणि ते जवळ राहत होते हे.

ही गोष्ट वाचताना भारतातल्या मुसलमानाला वेगळं काही सांगावं लागत नाही. अफवा, जमाव, 'ते तिथेच राहत होते' हा पुरावा. फक्त इथे जमाव आपल्या नावाचा आहे आणि मरणारे दुसरे आहेत. आपल्यावर झालेल्या दंगलीची तारीख आपल्याला तोंडपाठ असते, आणि ती असलीच पाहिजे. पण मग काहिराची ही तारीखही पाठ असली पाहिजे. नाहीतर आपली तक्रार न्यायाची राहत नाही, फक्त आपल्या माणसांची होते.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. खलिफाच्या सरकारने जमावाची बाजू घेतली नाही. लुटलेला माल परत करण्याचा हुकूम निघाला, दंगेखोर पकडले गेले, काहींना देहदंड झाला. शिक्षेची पद्धत त्या काळाला साजेशी क्रूर होती, तिचं समर्थन मी करणार नाही. पण परक्या धर्माच्या परदेशी माणसांच्या खुनाबद्दल राज्याने स्वतःच्या प्रजेला जाब विचारला. आणि अमाल्फीचे व्यापारी परत आले. अकराव्या शतकात ते पुन्हा इजिप्तच्या बाजारांत दिसतात. दंगल ही त्या शहराची शरम होती. दंगलीनंतर सरकार कुणाच्या बाजूला उभं राहतं ही त्या राज्याची परीक्षा होती.

इथे कुणी म्हणेल की हे प्रेमापोटी नव्हतं, जकातीच्या उत्पन्नासाठी होतं. अगदी बरोबर, आणि माझा मुद्दाही तोच आहे. आपण सहजीवनाबद्दल बोलताना नेहमी भाईचारा, मोहब्बत, गंगाजमनी असे गोड शब्द वापरतो. अमाल्फी आणि काहिरा यांना एकमेकांवर प्रेम नव्हतं. त्यांच्यात करार होते, नाणं होतं, जकातीचे दर होते आणि माल लुटला तर दाद मागायची जागा होती. प्रेमाची वाट बघत बसलो तर शेजारी राहणं कधी सुरूच होणार नाही. कायदा पाळला गेला तर माणसं आधी नुसती शेजारी राहतात, आणि कमानी मागून येतात.

याच भरवशावर अकराव्या शतकात अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी फातिमी राज्यकर्त्यांची परवानगी घेऊन जेरुसलेममध्ये ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी मठ आणि रुग्णालय उभं केलं. पुढे 1099 मध्ये धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम घेतलं. त्या रुग्णालयाची सेवासंस्था हळूहळू लढणाऱ्या सरदारांची संघटना बनली आणि 1530 मध्ये माल्टात जाऊन बसली. वर ज्या माल्टाच्या सरदारांचा उल्लेख आला ते हेच. मुसलमान सत्तेच्या परवानगीने सुरू झालेला एक दवाखाना पाचशे वर्षांत मुसलमानांना पकडून विकणारं आरमार झाला. संस्था कशी बिघडते हे सांगायला याहून मोठा धडा नको. आणि हा धडा फक्त ख्रिस्ती संस्थांसाठी नाही.

आपल्या किनाऱ्याचं काय?

अमाल्फीचे व्यापारी ज्या फुस्तातच्या बाजारात उतरत, तिथल्या एका सिनेगॉगमध्ये ज्यू व्यापाऱ्यांची हजारो जुनी कागदपत्रं सापडली. त्यांत अमाल्फीच्या लोकांचेही उल्लेख आहेत आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी चाललेल्या व्यापाराचेही. मिरी मलबारहून निघायची, एडन आणि इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रात पोचायची. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आणि त्या किनाऱ्याचा बाजार एकच होता.

इब्न हौकलच्या काही दशकं आधी, इ.स. 916 च्या सुमारास, अल-मसऊदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला आला. त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद केली. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख स्थानिक राजाने नेमलेला होता. दिल्लीत सुलतान बसायला तेव्हा अजून तीनशे वर्षं होती. कोकणातला मुसलमान आधी व्यापाराच्या गलबतातून आला, हे चौलच्या अवशेषांजवळ उभं राहून किती लोकांना कुणी सांगतं? इटलीच्या बसमध्ये ऐकलेलं 'साराचेना' आणि आपल्याकडच्या भाषणांतलं 'आक्रमक' हे दोन शब्द एकाच कामाचे आहेत. शेकडो वर्षांचा व्यवहार एका भीतीत गुंडाळून ठेवण्याचं ते काम. या शब्दांना उत्तर म्हणून 'आम्हीच सगळं दिलं' असं ओरडणं हाही तसाच गठ्ठा आहे, फक्त दुसऱ्या रंगाच्या कागदात बांधलेला.

आजच्या इटलीत हा प्रश्न जुना झालेला नाही. सालेर्नोच्या दक्षिणेला सेले नदीच्या मैदानात भाजीपाल्याची मोठी शेती होते आणि तिथे राबणाऱ्यांत मोरोक्कोचे मजूर बरेच आहेत. इटलीच्या राज्यघटनेत कॅथलिकेतर धर्मांशी सरकारने करार करण्याची सोय आहे. हिंदू आणि बौद्ध संघटनांच्या करारांना तिथल्या संसदेने 2012 मध्ये मंजुरी दिली. लाखो मुसलमान असूनही इस्लामशी असा करार झालेला नाही. याला तिथल्या मुस्लिम संघटनांमधली फाटाफूटही जबाबदार आहे, फक्त सरकारला दोष देऊन भागणार नाही. पण ज्या देशाने सातशे वर्षांपूर्वी त्या कमानीखाली आपली माणसं पुरली, त्याला आज त्याच दिशेने आलेल्या मजुराशी एक करार करता येऊ नये, हे खटकतं.

तेव्हा कुणाला तिकडे जायची संधी मिळाली तर जरूर जा. उन्हाळ्यातली गर्दी टाळा. सालेर्नोहून बोटीने गेलात तर बुरुजांची रांग समुद्रातून दिसते, जशी ती येणाऱ्या जहाजांना दिसत असेल. पोझितानोच्या चर्चचा रंगीत टाइल्सचा घुमट बघा. शक्य असेल तर कागदाच्या गिरणीसाठी अर्धा दिवस काढा, कारण तिथे गर्दी कमी असते. मुलं बरोबर असतील तर त्यांना बुरूजही दाखवा आणि तो का बांधला ते खरं सांगा. 1558 मध्ये पकडून नेलेल्यांसाठी मनात हळहळ वाटली तर ती दाबू नका. मग त्यांना जन्नतच्या चौकात न्या.

माझ्या त्या विद्यार्थिनीला शेवटी मी असं सांगितलं की कमान बांधणाऱ्याची असते, शिकवणाऱ्याचीही असते, आणि सांभाळणाऱ्याची सर्वांत जास्त असते. तिने लगेच विचारलं, 'मग आपण काय सांभाळतो?' मी हा प्रश्न वर्गातल्या सगळ्यांना घरचा अभ्यास म्हणून दिला. आई-वडिलांना विचारून लिहून आणा म्हटलं. वाचकांनाही माझा तोच प्रश्न आहे.